बाकी चार आणे

दावलसा नदाफाच्या कविता
नगर वाचनालयात नाहीत.
तिथल्या बाईंनी कार्डांचा खण ओढून दाखवला :
‘द’मध्ये दमा होता, दंतवैद्यक होतं,
दावलसा नव्हता.

तो होता शुक्रवार पेठेत, बोळाच्या तोंडाशी,
नाकावर फडकं, भुवयांवर कापूस,
तरणा असतानाच म्हातारा दिसायचा.
कमानीची तात घुमली की पोरं विचारायची,
चाचा, ही अल्ला अल्ला म्हणतीया का?
तो म्हणायचा, न्हाई रं,
ही म्हणतीया सरक बाजूला, धूळ उडतीया.

(या वाक्यावर पुढे एका प्राध्यापकांनी
पाऊण तास भाषण केलं.)

मोडी शिकला तो गुळाच्या अडतीवरल्या दिवाणजीकडून,
दोन गाद्या भरून देण्याच्या बोलीवर.
मग प्रत्येक गादीत, शेवटचा टाका घालायच्या आधी,
विडीच्या बंडलाचा कागद उलटा करून
दोन ओळी लिहायचा
आणि कापसाच्या पोटात सरकवायचा.
गिऱ्हाइकाला सांगायचा नाही.
रमजानबीनं एकदा खोदून विचारलं, तर म्हणाला,
जागा माणूस हुज्जत घालतो.
त्याच्या पाठीला सांगून ठेवतो.

म्हणजे चाळीस वर्षं
हे गाव त्याच्या अक्षरांवर झोपलं.
कुशीवर वळले की फळ्या करकरायच्या ते तालमीतले पैलवान,
गुजरीतले सराफ,
सुभाष रोडचे चपला शिवणारे, बोटांना चामड्याचा वास,
एक फौजदार, ज्यानं पैसे बुडवले,
आणि माझी आई.
आई एकतीस वर्षं.

ती गेल्यावर गादी उसवली.
सरकीसारखं काही बोटाला लागलं.
कागद. घडीवर फाटलेला,
तिच्या घामानं शाई पसरलेली.
मोडी वाचणारे सातप्पा मगदूम
भिंग धरून बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ऐक :

कापूस तुझा, सरकी माझी.
तात तुटली तेव्हा कळलं, पिंजत होतं कोण.
बाकी चार आणे.

ही तिसरी ओळ, मगदूम म्हणाले,
कवितेत धरायची का?
मी म्हटलं, धरा.

मग दारोदार हिंडलो. जुनी गादी आहे का घरात?
लोकांना वाटलं, भंगारवाला.
सगळे मिळून सहा कागद हाती आले.
एकावर नुसतं : नीट झोप.
एकावर : गफूरला ताप, आज शब्द येत नाही.
हाही मी ओळींमध्येच धरला.

एकोणीस साली पंचगंगा पेठेत शिरली, उंबरे चढली,
आठवडाभर घरातून हलली नाही.
पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांना
गाद्याच गाद्या, फुगलेल्या, चिखलानं काळ्या,
पालथ्या पडलेल्या जनावरांसारख्या.
महापालिकेचा डंपर आला.
मी पुढे होऊन म्हटलं, जरा थांबा, यात एक कवी आहे.
ड्रायव्हर म्हणाला,
काका, नाकाला रुमाल लावा.

झूमच्या कचरा डेपोवर
किती ओळी गेल्या, कोण मोजणार.

आता घरात फोमची गादी.
मध्यरात्री पाठीला काही टोचलं की
उठतो, दिवा लावतो, चाचपतो.
कंपनीचं लेबल असतं. वॉरंटी पाच वर्षं.

त्याच्या कबरीवर चादर घालत नाहीत.
त्यानंच नको म्हटलं होतं.
उरसाला येणारा प्रत्येक जण मूठभर कापूस ठेवतो,
तालमीची पोरं तर पिशवी भरून आणतात,
आणि वारा सुटला की मुजावर
शिव्या घालत त्याच्यामागे धावतो.

यंदा मी चार आण्याचं नाणं नेलं.
मुजावरानं उलटसुलट करून पाहिलं.
हे चालत न्हाई आता, पावणं.
म्हटलं, माहीत आहे. आईकडची बाकी आहे.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मग वाकून
कापसाखाली सरकवलं.